आईचे कान

काचेच्या खोलीत आई बटण फिरवत होती आणि बाहेर संगणकावरचे आकडे बघून थोरली हरखून गेली होती. एकामागून एक दोन आवाज लावायचे. दुसरा पहिल्याएवढाच मोठा वाटेपर्यंत आईने बटण फिरवायचं, एवढाच प्रयोग. भल्याभल्यांचा अंदाज चुकायचा, आईचा नेम मात्र अचूक. जन्मभर यंत्रमागांच्या खडखडाटात काढलेली बाई! गोंगाटात राबलेले कान आवाज तोलण्यात उलट तरबेज होतात, असं सांगणारं थोरलीच्या डॉक्टरेटचं शेवटचं प्रकरण या आकड्यांवर उभं राहणार होतं.

धाकटीही डॉक्टरेटच करत होती, पण ऑर्किडच्या फुलांवर. एका फुलाची पाकळी पिढ्यानपिढ्या बदलत माशीच्या मादीसारखी कशी झाली, याचा ती माग काढत होती. नर बिचारा भुलून येतो आणि अंगाला पराग लावून घेऊन जातो. त्याला काय मिळतं, असं आईने विचारलं होतं. काहीच नाही म्हटल्यावर ती विचारात पडली. इतकं फसूनही मेला शहाणा कसा होत नाही, हे तिला काही केल्या उलगडेना. घरात दोन दोन विदुषी, पण प्रश्न पडायचे ते आईलाच.

त्या दिवशी धाकटी सहज प्रयोगशाळेत डोकावली. माशी नेमकी कुठे बघते हे टिपायची सवय लागलेली, त्यामुळे आकडे सोडून ती आईचे डोळेच बघत बसली. मग हळूच म्हणाली, "ताई, आई तुझ्याकडे बघून बटण फिरवतेय. आकडा जुळत आला की तुझ्या कपाळावरची आठी जाते."

काहीतरीच काय, म्हणून थोरलीने तिला झापलं. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. तिने काचेवर कागद चिकटवला आणि पुन्हा आवाज लावले. आईने बटण फिरवलं, थांबली, पुन्हा फिरवलं. आकडा कुठच्या कुठे गेला. प्रकरण तर बुडालंच, पण त्याचं दुःख करायलाही तिला सुचेना.

आई बाहेर आली आणि दोघींची तोंडं बघताच समजली. मागांवर कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही, सगळ्या बायका ओठांवरूनच बोलणं उचलायच्या, तेच पुढे कान गेल्यावर कामी आलं, असं तिने खालमानेने सांगितलं. तुझ्या अभ्यासाला माझा उपयोग व्हावा असं फार वाटलं गं, म्हणाली.

"आणि फोनवर?" थोरलीने विचारलं. दर रविवारी वसतिगृहातून ती तासभर आईशी बोलायची. कुणाला सांगता येणार नाही ते सगळं आईपाशी मोकळं करायची. "तिथे तर ओठ दिसत नाहीत."

"तू बोलतेयस एवढं कळायचं. मध्ये मध्ये हं म्हणायचे."

"तासभर?"

"मग काय, ठेवून देऊ?"

थोरलीला हुंदका आवरेना. मग थोरलीने खुर्ची ओढली, आईला समोर बसवलं, तोंड उजेडाकडे केलं, आणि वसतिगृहातल्या पहिल्या रविवारपासून सगळं सांगायला लागली.