प्लास्टरचे सहा खूर

मित्रांनो, मी एक जुना, फार जुना प्राणी आहे. माणूस या पृथ्वीवर आला, तेव्हा मला दगड होऊन लाखो वर्षं उलटली होती. माझं नाव कॅलिकोथेरियम. उच्चारताना जीभ अडखळली तर वाईट वाटून घेऊ नका. या संग्रहालयाचा पहारेकरी मला सरळ 'कालूकाका' म्हणतो आणि मी ऐकून घेतो.

घोडे आणि गेंडे यांचा मी दूरचा भाऊबंद. आमच्या गोतावळ्यात सगळ्यांना खूर, मला मात्र वाकडी, लांबलचक नखं! त्या नखांनी मी कुणाची शिकार करत नसे हो. मागच्या पायांवर उभा राहून फांदी खाली ओढायची आणि कोवळा पाला खायचा, एवढंच माझं काम. चालताना नखं झिजू नयेत म्हणून ती आत दुमडून बोटांच्या पाठीवर चालायचो. एका पुरात वाहून गेलो आणि नदीच्या गोट्यांखाली निजलो.

पुढे तिथं खडी काढणाऱ्यांच्या कुदळीला माझा जबडा लागला. मागचा भाग पाण्यानं कधीच नेला होता. डोकं, मान, छाती आणि पुढचे दोन पाय तेवढे सापडले. चार हात अंतरावर पाच नखं मिळाली. दात पाहून शहाणी माणसं म्हणाली, "हा पाला खाणारा." नखं पाहून म्हणाली, "हा कुणी तरी शिकारी." झालं! माझी नखं दुसऱ्याच्या नावानं कपाटात गेली आणि मी उघड्या बोटांनीच दालनात आलो.

तिथल्या प्लास्टर कारागिरानं माझी ती बोटं झाकायचं मनावर घेतलं. तो रोज नालबंदाच्या दुकानासमोर उभा राहून घोड्यांचे पाय न्याहाळायचा. मग त्यानं सहा खूर घडवले, एकेका पायाला तीन. इतके सुबक, की लोक माझं तोंड सोडून पायच बघत. कारागीर आपल्या लहानग्या लेकीला खांद्यावर बसवून सांगायचा, "बघ, तुझ्या बापानं या बिचाऱ्याला उभं केलं." मलाही त्याचा लळा लागला. पण खरं सांगू? ते खूर माझे नव्हते. दुसऱ्याचे जोडे घालून चाळीस वर्षं उभं राहून बघा, म्हणजे कळेल.

ती लेक मोठी झाली आणि इथंच हाडं साफ करून जोडण्याचं काम करू लागली. एकदा कपाट आवरताना तिनं एक नख उचललं. त्याच्या बुडाची खोबण तिला ओळखीची वाटली. माझ्या एका बोटाचा खूर जरा सैल होता. तो काढून तिनं नख तिथं टेकवलं. टक्! कुलपात किल्ली बसावी तसं बसलं.

ती आनंदानं हसली आणि लगेच तिच्या ध्यानात आलं, आता बापाचे खूर फोडावे लागणार होते. वडील थकले होते, डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. पण कुणीही घरी आलं की खुरांची गोष्ट निघाल्याशिवाय चहा संपत नसे. तिनं तो खूर पुन्हा बसवला. आठ दिवस ती माझ्याजवळून जाताना मान खाली घालून जाई. वाटायचं, ही आता गप्पच राहणार. मग माझं काय?

नवव्या दिवशी ती वडिलांचा हात धरून त्यांना घेऊन आली.

"बाबा, रागावू नका..."

"रागवायसारखं केलंयस काय?"

तिनं ते नख त्यांच्या हातात दिलं आणि सैल खूर काढून त्यांचं बोट माझ्या हाडावर ठेवलं. म्हातारबुवांनी चाचपलं, नख फिरवलं, टेकवलं. टक्!

"चाळीस वर्षं या गड्याला घोडा करून ठेवला मी," ते म्हणाले. "आण ती हातोडी."

"मी करते ना, बाबा."

"माझे खूर आहेत. मीच काढणार. तुझा हात जड आहे, लहानपणापासून."

पहारेकरी कुजबुजला, "कालूकाका, आज तुमची चप्पल सुटली!" आणि म्हातारबुवा इतके हसले की त्यांना हातोडी खाली ठेवावी लागली. एकेक खूर फुटत गेला. हाडाला ओरखडासुद्धा उठला नाही.

पाच नखं बसली. डाव्या पायाचं एक बोट उघडं राहिलं. लेकीनं प्लास्टर कालवायला घेतलं.

"सहावं कसं होतं, ठाऊक आहे तुला?" वडिलांनी विचारलं.

"अंदाज आहे."

"मलाही होता."

लेकीनं भांडं बाजूला ठेवलं.

मित्रांनो, आता दालनात याल तेव्हा माझं ते उघडं बोट पाहून हळहळू नका. त्यावर बोट ठेवून आपल्या बाईंना, गुरुजींना विचारा, "इथं काय होतं?" त्यांना ठाऊक नसेल तर तसं म्हणू द्या. आणि कुठं खणताना, खेळताना एखादं अनोळखी हाड सापडलं, तर लगेच उपटू नका. शेजारी काय होतं ते आधी नीट बघा, मोठ्यांना दाखवा. माझी नखं माझ्यापासून चारच हात लांब होती हो.