बुवांचे पाय कुठल्या टॅबमध्ये?

या मंडळी, जरा सरकून जवळ बसा. डोंबिवलीच्या गंगुबाईंची गोष्ट आहे, ऐकून कान तृप्त होतील.

गंगुबाईंचे गुडघे रुसले आणि देवळातलं कीर्तन सुटलं, म्हणून घरी टॅब घ्यायचं ठरलं. मुलगा सुदेश आयपॅडचा कट्टर भक्त, तर सून रसिका अँड्रॉइडची. आईंना काय सोपं जाईल, यावर दोघं आठवडाभर भांडले. आईंना विचारायचं तेवढं राहिलं. शेवटी दोघांनी आपापला टॅब त्यांच्यापुढे ठेवला.

आयपॅडवर कीर्तन लागलं. पूर्वरंग संपला, बुवांना हार घातला. गंगुबाईंनी पडद्यावरच्या बुवांच्या पायांना बोटं लावली आणि भक्तिभावाने पडद्यावरूनच वर आपल्या कपाळाकडे नेली. बुवा अंतर्धान पावले! अँड्रॉइडवरही तेच. पडद्याच्या खालच्या कडेवरून वर बोट सरकवलं की कार्यक्रम बंद, हा नियम दोन्ही पंथांचा एकच.

"आई, पाया नका ना पडू!" रसिका म्हणाली.

"लांबून हात जोड की," सुदेश म्हणाला.

"बुवा घरी आलेत आणि लांबून रे? मला आख्यान शेवटपर्यंत ऐकायचंय आणि पायाही पडायचंय. दोन्ही जमेल तो आणा."

दोघं सेटिंग धुंडाळू लागले ते आयपॅडमध्ये. तोवर गंगुबाईंनी हाताशी उरलेला टॅब पाटावर ठेवला, पाटालाच नमस्कार केला आणि आख्यान लावलं.

"बघा, अँड्रॉइडच सोपं!"

"पाटावर आयपॅड जास्त शोभला असता!"

"गप्प बसा रे दोघं, आख्यान चाललंय!"

मंडळी, घरच्या म्हाताऱ्यांसाठी टॅब निवडाल, तेव्हा आमच्या गंगुबाईंची तेवढी आठवण ठेवा.