दोन शब्द आक्कासाठी

"साहेब, दोन शब्द बोला," गर्दीतून कुणीतरी दाजींना म्हणालं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. बायकोच्या रक्षाविसर्जनाला नवऱ्याला भाषण करायला लावतात होय? पण आमदाराच्या घरची मयत, लोकांना भाषण लागतंच.

कृष्णाकाठी ऊन चढलं होतं. माझ्या बहिणीच्या, आक्काच्या आवडीची भाकरी आणि भरलं वांगं पानावर मांडून आम्ही लांब उभे होतो. कावळे बाभळीवर बसून होते, एकही खाली उतरेना. तिची लेक अपेक्षा हात जोडून म्हणाली, "आई, मी शिक्षण पुरं करीन." मी म्हणालो, "आक्का, माझी दारू सुटली समज." तरी नाही. तिचा जीव कशात अडकलाय, कळेना.

दाजी पुढे झाले. आधी ते फौजदार होते. गल्लीत त्यांच्या बुटांचा आवाज आला की मटकेवाले चहा टाकून पळत. नोकरी सोडून ते आमदार झाले, दुसऱ्यांदाही निवडून आले, ते अशा रक्षाविसर्जनांच्याच जोरावर. एका सकाळी तीन-तीन गावं करायचे. लोक म्हणत, लग्नाला नसला तरी दुःखाला येतो गडी. आक्काच्या छातीत कळ आली तेव्हाही ते कुणाच्या तरी रक्षाविसर्जनात उभे होते आणि फोन ड्रायव्हरच्या खिशात वाजत होता.

दाजींनी जाकीट खाली ओढलं. आवाज नेहमीचाच, ठसठशीत.

"कैलासवासी संयोगितावहिनींच्या जाण्यानं तालुक्याची मोठी हानी झाली आहे. ईश्वर त्यांच्या आत्म्यास शांती देवो. त्यांच्या कुटुंबाच्या दुःखात मी..."

ते थांबले. स्वतःच्या बायकोला वहिनी म्हणाले होते ते. कुणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं. दाजींचे ओठ नुसतेच हलत राहिले.

त्यांच्या थोरल्या बहिणीनं, हरणाबाईनं मात्र सोडलं नाही. "हंबीरा, वहिनी न्हवं रं, बायकू हाय ती तुजी! रोज ताट झाकून तुजी वाट बघायची. कवा जेवलास तिच्यासंगं? जीव कशात गुतलाय तिचा, आता तरी कळतंय का?"

 दाजींनी चपला काढल्या आणि कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत सरळ जाऊन पानाशेजारी मातीत मांडी घातली.

"आवं दाजी, लांब या की!" मी ओरडलो. "माणूस बसल्यावर कावळा यायचा कसा?"

"न्हाई आला तर न्हाई. आज मी बसतो तिच्यासंगं."

इतक्या वर्षांत ही घरची बोली त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकली. तीन दिवस त्यांच्यावर दात धरून होतो मी, पण त्या क्षणी मला रडू आवरेना.

तेवढ्यात ड्रायव्हर फोन घेऊन जवळ वाकला. "साहेब, पलीकडच्या गावात रक्षाविसर्जनाला थांबल्यात. किती येळ लागंल, इचारत्यात."

दाजींनी मान वर केली नाही.

"त्यास्नी सांग, यायला जमायचं न्हाई. आमच्याच घरात मयत झालीया."

मग ते पानावरच्या माश्या वारत बसले.