तोंडी सूचना

सरिताने खिडकीखाली टेप धरली. जमिनीपासून दीड फूट. नकाशात तीन होते. पुढच्या खोलीत दीड, त्याच्या पुढच्या खोलीतही दीडच. त्र्यंबक रोडवरच्या या नव्या हॉस्पिटलच्या आठही खोल्यांत एकच चूक, आणि तीही इतकी नेटकी, की रागवावे तरी कसे!

"डॉक्टर उद्या येताहेत," ती म्हणाली. "चूक ठेकेदाराची, म्हणजे तुमची, असं लिहून द्या म्हणताहेत. मग आठही खिडक्या फोडून पुन्हा बांधाव्या लागतील, गोरक्षभाऊ."

"ताई, साहेबांनी सांगितलं तसंच केलंय."

साहेब म्हणजे सरिताचे वडील, या हॉस्पिटलचे आर्किटेक्ट. त्यांना जाऊन दीड महिना झाला होता आणि त्यांची अर्धी राहिलेली कामे आता तिच्या सहीने पुढे सरकत होती. तिने पिशवीतून १९९८ सालचे सूचनापत्रांचे पुस्तक काढले. त्यात छापलेले होते: सूचना तोंडी / लेखी, नको ते खोडा. आर्किटेक्टने तोंडी काही सांगितले, तर सात दिवसांत ते या पुस्तकात यायलाच हवे. वडिलांनी साधी कडीसुद्धा त्याशिवाय बदलली नव्हती.

"कधी सांगितलं?"

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी."

सरिताचा हात थांबला. पोळ्याच्या महिनाभर आधीच अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली होती, उजवा हातही. गेलेल्या माणसाच्या नावावर खपवतोय मेला! तिचे डोळे भरून आले.

"तेव्हा बाबांना बोलता येत नव्हतं. तुम्हाला ठाऊक होतं."

"बोलले नाय, ताई. झोपले."

"काय?"

"घरी भेटाया आलो, तं हात सोडंनात. सारखं दाराकडं बघायचे. तुम्ही हापिसात व्हत्या. मग रिक्षात घालून हितं आणलं." गोरक्षने भिंतीलगतच्या फळ्यांकडे बोट केले. "हितं खाटा येणार ना, तिथंच आडवे झाले. अन् डावा हात असा धरला."

त्याने तळवा आडवा करून हवेत धरला.

"मी खडूनं रेघ मारली, तव्हा हात खाली घेतला. लय हसले, ताई."

सरिता फळ्यांवर आडवी झाली. पडल्यापडल्या रस्ता दिसत होता, सायकलवाले दिसत होते, लांब अंजनेरीचा डोंगर दिसत होता. घरी आणण्याआधी वडील होते त्या हॉस्पिटलात खिडकी उंच होती. खाटेवरून नुसते आभाळ दिसे. तिथेही ते डावा हात असाच आडवा धरत, दिवसातून कितीदा तरी.

ती उठली. तिने 'तोंडी' खोडले, 'लेखी' खोडले आणि बाजूला लिहिले: झोपून दाखवली. खाली सही केली.

"तुम्हाला नव्हतं का सांगितलं त्यांनी?" गोरक्षने विचारले.

"सांगत होते," सरिता म्हणाली. "मी दर वेळी पाणी पाजत होते."