उडालेली चोच

मित्रांनो, मी आजच्या तुर्कस्तानातल्या प्राचीन हत्तुशा नगरीतली एक जुनी झारी आहे. तांबड्या मातीची, लांब चोचीची.

हित्ती राजांच्या अस्थी ज्या दगडी घरात ठेवत, तिथे माझं काम असे. सणाला पुकाऱ्या एकेका दिवंगत राजाचं नाव घेई. मग तिथला सेवक मारासा भाकरी मोडे आणि माझ्यातून जमिनीतल्या खळग्यात मद्य ओती. आधी पणजोबा, मग आजोबा, मग बाप. ज्याचं नाव पुकारलं जात नाही त्याला जमिनीखाली चिखल खावा लागतो, असं तिथली माणसं मानत.

एक राजा वारला आणि त्याचा मुलगा हुल्लिया गादीवर बसला. त्याचे पाय खाली टेकत नसत. बापाला वाढायला आला तेव्हा माझ्या चोचीत बोट घालून म्हणाला, "बदक!"

बर्फ वितळायच्या आत तो गेला. तापानं, असं सांगण्यात आलं. मुलगा नसेल तर मुलीच्या नवऱ्यानं राज्य करावं, असा तिथला कायदा. जावई राजा झाला. मग मुलगा होता, हे कुणी बोलेना, आणि सणाला त्याचं नावही पुकारेनात.

हुल्लियाची दाई अन्नावी भांडी घासायला आमच्याकडे आली. ती रडत नसे. माझी चोच तेवढी पुन्हा पुन्हा पुसत राही.

सणाच्या आधी ती म्हणाली, "मारासादादा, बापाच्या नावानंतर घोटभर जास्त ओता ना."

"माझी मान म्हणजे तुला कांद्याची पात वाटली होय गं?"

"लेकरू उपाशी आहे."

"कसलं लेकरू? झालंच नाही ते. आणि तू काय राजमाता लागून गेलीस?"

"दूध पाजलं, तेवढी लागते."

तो निघून गेला. अन्नावीनं मला मांडीवर आडवं घेतलं आणि वरवंटा चोचीवर मारला. एकदाच. टवका उडाला. मला दुखलं नाही. मातीला दुखत नाही.

सणाला पणजोबांच्या नावानंतर मी गळू लागले. पुकाऱ्या खेकसला, "गळकं भांडं आणलंस? फोडून टाक ते!"

"सण झाला की फोडतो," मारासा म्हणाला. त्यानं फडक्यानं चोच दाबली. आजोबांनंतरही दाबली. बापाचं नाव झालं, तेव्हा मात्र फडकं खांद्यावर टाकलं आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत मला खळग्यावर धरून ठेवलं. अन्नावी भिंतीशी उभी होती. तिनं वर पाहिलं नाही.

त्यानं मला फोडलं नाही. पुढे जावईही वारला. बापानंतर त्याचं नाव येऊ लागलं. त्या दोन नावांमध्ये मारासा दर सणाला तसाच थांबे.

मग ती माणसं गेली, नगरी ओस पडली. मी मातीखाली पडून राहिले. आता काचेच्या कपाटात आहे. कुणीतरी माझ्या चोचीचा उडालेला भाग छान भरून काढला आहे. शेजारच्या पाटीवर राजांची नावं आहेत. बाप, त्याच्या खाली जावई.

मित्रांनो, जुनी भांडी जपा, हे तर मी सांगणारच. पण ती पाटी वाचताना बापानंतर जरा थांबा. लेकराला प्यायला वेळ लागतो.