खिडकीत ठेवलेला फुटका थर्मास

“मावशी, तुम्ही सगळ्यांच्या खिडक्या बघता. तुमची खिडकी कोण बघतं? निदान एक किल्ली तरी माझ्याकडे ठेवा.”

शेजारची सूनबाई बाळाला खांद्यावर थोपटत हे म्हणाली, तेव्हा मावशी माझे बूच घट्ट बसवत होती. ती हसली. “मला काय धाड भरलीये? तू आपली बाळाला सांभाळ,” म्हणाली आणि मला पिशवीत घालून निघाली. मला मात्र ते बोलणे लागून राहिले. माझ्या पोटात काच आहे, मित्रांनो. पोटात काच असली की अशी गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही.

होय, मी एक जुना थर्मास आहे. कारखान्यात एका बाटलीत दुसरी बाटली बसवली, मधली हवा काढून घेतली, वरून निळा पत्रा चढवला आणि मी तयार झालो. ‘जपून वापरा’ असे माझ्या खोक्यावरच छापले होते. तेव्हापासून मी धास्तावलेलाच आहे. मावशी रुग्णालयात नर्स होती. ती निवृत्त झाली तेव्हा वॉर्डातल्या मैत्रिणींनी मला तिच्या हाती दिले आणि म्हणाल्या, आता स्वतः बसून गरम चहा पी. ती कुठली बसते!

आमच्या गल्लीत एकटी राहणारी बरीच म्हातारी माणसे होती. मावशी रोज सकाळी मला चहाने भरून त्यांच्याकडे जायची. तिची एक पद्धत होती. प्रत्येकाने उठल्यावर आपला कप धुऊन खिडकीत पालथा घालून ठेवायचा. कप दिसला की माणूस उठले आहे, ठीक आहे. मावशी कप सुलटा करून चहा ओतायची, दोन शब्द बोलायची आणि पुढे जायची. कप दिसला नाही, तर मात्र दार वाजवायची आणि दार उघडले नाही तर किल्ली लावायची. सगळ्या घरांच्या जादा किल्ल्या तिच्या स्वयंपाकघरात खिळ्यांवर टांगलेल्या असत. तिच्या स्वतःच्या घराची किल्ली तेवढी कुणाकडे नव्हती.

गल्लीच्या टोकाला राहणारे घड्याळजी आजोबा रोज कुरकुर करायचे की चहात साखर कमी आहे. समोरच्या शिंपीणकाकू म्हणायच्या की आजोबांचे तोंडच कडू, साखर काय करणार. दोघांची भांडणे मावशी इकडून तिकडे पोचवायची, जरा गोड करून. सूनबाई हे सारे तिच्या खिडकीतून पाहायची. बाळ जास्त वेळ झोपले तरी तिचा जीव वरखाली होई, श्वास चालू आहे ना म्हणून ती नाकाशी बोट धरून बघे. घरचे तिला ‘काळजीवाहू सरकार’ म्हणत. तीही हसे, पण बोट काही मागे घेत नसे.

मग ती सकाळ आली. मावशीने मला भरले, पिशवी उचलली आणि मोरीजवळच्या ओल्या फरशीवर तिचा पाय सटकला. आम्ही दोघे एकदमच पडलो. माझ्या आत खळ्ळकन आवाज झाला. बाहेरून पाहिले तर फक्त एक पोचा. मावशीही बाहेरून तशीच दिसत होती, पण तिला पाय हलवता येत नव्हता. फोन वर फळीवर चार्जिंगला होता. तिने हाका मारल्या. शेजारी बाळ रडत होते, त्यात तिचा आवाज विरून गेला.

आतली काच फुटल्यामुळे चहा पत्र्याला लागला आणि जन्मात पहिल्यांदा मी बाहेरून गरम झालो. मावशी थंड फरशीवर कुडकुडत होती. तिने मला ओढून पोटाशी धरले. मित्रांनो, मला तेवढीच एक भीती होती: मी गार व्हायच्या आत कुणी येईल का? आणि मी गार होत चाललो होतो. मला कळत होते, तिलाही कळत होते.

तिकडे गल्लीत खिडक्याखिडक्यांत कप पालथे होते. सगळे ठीक असल्याची खूण! काकूंना वाटले, मावशी आजोबांकडे अडकली असेल. आजोबांना वाटले, काकूंनीच गप्पांत बसवून घेतले असेल. दोघे थोडे रुसलेही. कुणाचे चुकले असे कसे म्हणू? कोण दिसले नाही हे बघायचे काम मावशीचे होते.

सूनबाईने मात्र खिडकीतून पाहिले. कप अजून पालथेच. नवरा म्हणाला, “असतील कुठेतरी, येतील.” तिला क्षणभर लाज वाटली, पुन्हा आपलेच हसे होईल म्हणून. तरी ती बाळाला घेऊन आली. दार वाजवले. मग स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन हाक मारली, पुन्हा मारली. मावशीने उरलेल्या ताकदीने मला फरशीवर आपटले आणि तो आवाज सूनबाईने ऐकला.

हाका ऐकून समोरून आलेल्या काकूंच्या हातात बाळ गेले. सूनबाईने त्याचे दुपटे हाताला गुंडाळून तावदान फोडले, कडी काढली आणि ती आत उतरली. मावशीचे पहिले शब्द होते, “हळू ये गं, पायाखाली काच आहे.” सूनबाईने आतून दार उघडले तसे घड्याळजी आजोबा मागोमाग आत आले. “मी साखरेबद्दल भांडायला आलो होतो,” एवढेच त्यांना बोलता आले.

मावशीचे खुब्याचे हाड मोडले होते. ती घरी परतली आहे, वॉकर धरून चालते. तिची किल्ली आता सूनबाईच्या खिळ्यावर आहे. चहाची फेरी नवा थर्मास करतो आणि त्याला पाळीपाळीने सगळे उचलतात. मला टाकून द्यायला निघाले होते, मावशीने टाकू दिले नाही. रोज उठल्यावर ती मला खिडकीत आणून ठेवते. मी दिसलो म्हणजे मावशी उठली. तरी एक सांगतो, तिच्या वॉकरचा आवाज येईपर्यंत रोज सकाळी माझा जीव टांगणीला लागलेला असतो.

मित्रांनो, तुमच्याही ओळखीत सगळ्यांची विचारपूस करणारे एखादे माणूस असेल. ते कधी आजारी पडत नाही असे तुम्हाला वाटत असेल. आज त्याच्या दारी जाऊन या. हाकेला ओ आली नाही, तर ‘असेल कुठेतरी’ म्हणून मागे फिरू नका. थांबा, कान द्या आणि पुन्हा एकदा हाक मारा.