पाहुणीला दाखवलेली शाळा

अंधेरी पूर्वेला, गावठाणाच्या तोंडाशी पालिकेची एक मराठी शाळा होती. ८४ साली तिथे काटकसरीचं परिपत्रक आलं आणि शाळेत काटकसर करण्याजोगं काय उरलंय याचा शोध सुरू झाला. खडू आधीच मोडून अर्धे अर्धे वापरत होते. चित्रकलेच्या सरांकडे आणखी दोन शाळा दिल्या होत्या, त्यामुळे त्यांची निम्मी नोकरी बसमध्येच व्हायची. शेवटी झाडूवाली जयंतीबाई निवृत्त झाली, तेव्हा तिच्या जागी कुणाला घ्यायचं नाही असं वरून ठरलं. निरोपाच्या दिवशी मुख्याध्यापक राऊत सर म्हणाले, की जयंतीबाईंची जागा कोणी भरून काढू शकणार नाही. सर हे निरोप घेणाऱ्या प्रत्येकाला म्हणत. या खेपेला ते खरं निघालं.

जयंतीबाई गेल्यावर महिन्याभरात मुलींच्या संडासाचा पाइप फुटला. दुरुस्तीचा अर्ज वर गेला, आणि वरून तो आणखी वर गेला. वास सातवीच्या वर्गापर्यंत यायला लागला तेव्हा राऊत सरांनी दाराला कुलूप घातलं. वास काही कमी झाला नाही, पण कुलूप चांगलं पितळेचं होतं.

मुलग्यांचं काही अडलं नाही, त्यांना मागची भिंत होती. सातवीच्या तावडेबाई आणि बालवर्गाच्या बाई समोरच्या ॲग्नेसकडे जात. ॲग्नेस गावठाणातली जुनी रहिवासी, तिचा नवरा कॉस्मस विमानतळाच्या कँटीनमध्ये कामाला. तिच्या नळाला सकाळी तासभर पाणी. दोघीजणींपुरतं ती हसत देई. पण शाळेतल्या सगळ्या मुली पाठवायच्या म्हणजे तिला आपला नळच पालिकेला दान करावा लागला असता. जवळच्या मुली मधल्या सुट्टीत घरी पळत. हायवेपलीकडच्या दगडखाणीच्या वस्तीतून येणाऱ्या मुली कुठे जाणार? त्यांनी त्यांच्यापुरता उपाय शोधला. त्या सकाळपासून पाणीच पीत नसत.

तावडेबाईंना, म्हणजे रत्नप्रभाबाईंना, हे कळलं ते शेवंती प्रार्थनेत चक्कर येऊन पडली तेव्हा. शेवंती सातवीतली, आवाजाने गोड आणि स्वभावाने हट्टी. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला तर तिने तोंड फिरवलं. पाणी प्यायलं की मग जावं लागतं, असं ती म्हणाली, आणि हे बाईंना सांगावं लागतंय याचीच तिला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तिची आई रुक्मिणी आली. ही मूळची मालवणाकडची, इथे चार घरची धुणीभांडी करणारी. नवरा गुणाजी गिरणीत होता. संपानंतर गिरणीने त्याला परत घेतलं नाही म्हणून आता तो औद्योगिक वसाहतीत वॉचमनकी करत होता. रुक्मिणीने आढेवेढे घेतले नाहीत. पोर आता मोठी झालीय, महिन्यातले चार दिवस तिला इथे कशी बसवू, असं तिने सरळ विचारलं. दिवाळीपर्यंत संडास उघडला तर ठीक, नाहीतर पोरीचं नाव काढते. तिच्यावर चिडायला बाईंना काही जागाच सापडली नाही. शेवंतीला सातवी पास होऊन हायस्कूलला जायचं होतं, आणि मध्ये उभं होतं ते एक कुलूप.

अशात निरोप आला, की वॉर्डाच्या कचेरीतून निरीक्षक मॅडम शाळा पाहायला येणार. नवं अंदाजपत्रक व्हायचं होतं, कुठल्या शाळेला काय लागतं ते त्या डोळ्यांनी बघणार होत्या. रत्नप्रभाबाईंना वाटलं, देव पावला. त्यांनी ठरवून टाकलं. मॅडम आल्या की बाकी काही नाही, त्यांना थेट त्या दारापुढे न्यायचं, कुलूप काढायचं आणि शांत उभं राहायचं. बोलायचं काम वास करील.

राऊत सरांना हे सांगितलं तेव्हा ते दुखावले. माणूस पहिल्यांदा घरी येतो तेव्हा त्याला दिवाणखाना दाखवायचा की मोरी, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, आपल्याकडे दिवाणखाना नाहीच. मग सर तो उभा करायच्या मागे लागले. वस्तीतल्या मंडळींना बोलावणं गेलं आणि कमाल म्हणजे सगळे आले. गुणाजीने रात्रपाळी संपवून, न झोपता, पुढच्या भिंतीला चुना मारला. चर्चच्या हॉलमधून खुर्च्या आल्या. ॲग्नेसने लग्नातला भरतकामाचा टेबलक्लॉथ आणि सोनेरी काठाचे कप काढून दिले. आयांनी मिळून सगळं आवार झाडलं, जयंतीबाई असतानाही ते इतकं स्वच्छ कधी नव्हतं. शेवंतीवर स्वागतगीताची जबाबदारी पडली आणि ती आठवडाभर तेच गुणगुणत फिरत होती. जिच्यासाठी हे चाललं होतं तिलाच त्याचा सगळ्यात जास्त उत्साह, हे पाहून बाईंना गलबलून यायचं. त्यांनी सरांच्या टेबलावरची किल्ली उचलली आणि कमरेला खोचली. सरांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

मॅडम आल्या. क्षमा कारखानीस, सुती साडी, डोळ्यांवर जाड चष्मा, बोलणं मोजकं. शेवंतीने गीत म्हटलं, सरांनी नारळ दिला, मुलांनी पाढे म्हणून दाखवले. मॅडम मान डोलवत होत्या. चहा झाला. ॲग्नेसच्या कपांचं मॅडमनी कौतुक केलं म्हणून सरांनी त्यांना दुसरा कप घ्यायला लावला. रत्नप्रभाबाई संधीची वाट बघत भिंतीला टेकून उभ्या होत्या. आता कसं बोलायचं, कुठून सुरू करायचं, हे त्या मनात घोळवत होत्या.

संधी आपल्या पायांनी चालत आली. मॅडम उठल्या, बाईंच्या जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई, मला जरा बाथरूमला जायचं होतं."

याहून सोपं देवानेसुद्धा काय करून द्यायचं? बाईंचा हात कमरेच्या किल्लीवर गेला. आणि तोंडातून शब्द आले, "या ना मॅडम, अशा इकडून या."

पाय ॲग्नेसच्या घराकडे गल्ली ओलांडत होते तेव्हा आपण काय करतोय हे त्यांना नीट कळत होतं. पण लालबागच्या चाळीत, सगळ्या मजल्याला मिळून एक संडास असलेल्या घरात त्या वाढल्या होत्या. तिथे बाहेरची बाई अशी अडली की आई स्वतःचा संडास असलेल्या डॉक्टरांच्या बिऱ्हाडाचं दार ठोठावी, ज्यांच्याशी एरवी बोलणंही नसे. घरी आलेल्या बाईमाणसाची अशा बाबतीत फजिती करायची नाही, एवढं एकच शिक्षण त्यांना कुठल्याही शाळेत न जाता मिळालं होतं. ॲग्नेसने मदर मेरीच्या तसबिरीसमोर दिवा लावला होता. मोरी घासून ठेवलेली, बादली काठोकाठ भरलेली, घडीचा टॉवेल आणि न फोडलेला गुलाबी साबण. मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. त्यांनी मनापासून आभार मानले, आणि गाडी लगेच निघाली. किल्ली कमरेलाच राहिली.

दिवाळीच्या आधी पत्र आलं. राऊत सरांनी पेढे मागवले आणि प्रार्थनेनंतर ते मोठ्याने वाचलं. शाळेची स्वच्छता समाधानकारक. लोकसहभाग वाखाणण्याजोगा. सबब दुरुस्तीची तरतूद व सफाई कामगाराचे पद अन्य शाळेकडे वर्ग करण्यात येत आहे. हे शेवटचं वाक्य सरांनी जरा भरभर वाचलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

रत्नप्रभाबाईंनी पेढा तसाच टेबलावर ठेवला. त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि वॉर्डाची कचेरी गाठली. क्षमा मॅडमनी ओळखलं, बसायला सांगितलं. बाई बसल्या नाहीत.

"मॅडम, तुम्ही गेलात ते शाळेचं नव्हतं. ते समोरच्या बाईचं घर होतं."

"माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "पालिकेच्या संडासाला जाताना वाटेत मदर मेरी लागत नाही."

मग तसं लिहिलं का नाही, असं बाईंनी विचारलं.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तीन शाळा होत्या, पैसे दोन शाळांपुरते होते. एकीचं काढायचंच होतं. बाकीच्या दोन्ही ठिकाणच्या बायांनी मला हाताला धरून तिथल्या संडासात नेलं. एकीने तर दार बाहेरून लावून घेतलं. मी हाका मारल्यावर उघडलं." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "तुम्ही मला साबण दिलात."

त्या हे टोचून बोलल्या नव्हत्या, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. पुढच्या वर्षी बघू, असंही त्या म्हणाल्या. पुढच्या वर्षी संडास असेल, सातवीचा वर्गही असेल, शेवंती नसेल. परतताना रत्नप्रभाबाईंना स्वतःचा एवढा राग आला, की त्या बसच्या आदल्याच थांब्यावर उतरून चालायला लागल्या. दार बाहेरून लावणाऱ्या त्या अनोळखी बाईचा त्यांना मनापासून हेवा वाटला.

त्या शाळेत गेल्या नाहीत, हायवे ओलांडून सरळ वस्तीत गेल्या. रुक्मिणी कामावरून नुकतीच आली होती. दारातच उभं राहून बाईंनी सगळं सांगून टाकलं, आपल्या हाताने काय झालं तेही. रुक्मिणी बोलेल, चार शब्द सुनावेल, या तयारीने त्या आल्या होत्या. तेवढं तरी त्यांना हवं होतं.

रुक्मिणीने ऐकून घेतलं. मग पदराने खाट पुसली आणि त्यांना बसायला लावलं. "मी पन तेच केलं असतं, बाई," ती म्हणाली. "पावणी होती ना."

नाव काढायचं राहू दे, असं मात्र ती म्हणाली नाही, आणि बाईंनीही विचारलं नाही.

त्या दिवशी शाळेत न आलेली शेवंती आतल्या बाजूला जमिनीवर बसली होती. वसाहतीतल्या एका कारखान्यातून केसांच्या क्लिपा मजुरीवर घरी आणल्या होत्या आणि ती त्या पुठ्ठ्यावर ओळीने अडकवत होती. बाईंना पाहून तिने काम थांबवलं. किती दिवस विचारायचं राहून गेलेलं तिने विचारलं.

"बाई, त्या मॅडमना आवडली ना आपली शाळा?"

"आवडली."

"खूप?"

"खूप," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

शेवंतीने खूश होऊन आईकडे पाहिलं, आणि पुढचा पुठ्ठा मांडीवर घेतला.